पांढऱ्या घोडीवर पहिल्यांदा रिंगणात

मी घोडीच्या पोटाखाली वाकून खरारा करत होतो. मॅडम दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुळशीचं लग्न झालं की वरातवाला बघायला येणार आहे. तोवर जरा बऱ्यापैकी ठेव तिला."

माझा हात थांबला. घोडीने मान वळवून बघितलं, का थांबला हा म्हणून.

ही गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हडपसरच्या पुढे, कालव्याच्या कडेला मॅडमची घोडेस्वारीची शाळा आहे. अकरा जनावरं, एक उस्ताद आणि दोन सईस. घोड्यांचं खाणंपिणं, आंघोळ, शेण-मूत सगळं बघतो तो सईस. त्या दोघांतला एक मी. पुस्तकाच्या शाळेत मी नववीपर्यंतच टिकलो. वर्ध्याकडच्या आमच्या गावाहून इथे आलो तेव्हा मॅडमनी विचारलं होतं, "घोड्यांचं काय येतं?" मी म्हटलं, "बैलाइचं सगळं येते जी." त्यांनी वर न बघता सांगितलं, "वा. इथे नांगरट नसते." आणि तरी ठेवून घेतलं, राहायला खोलीही दिली. मॅडम मूळच्या पुण्यातल्या, कसब्यातल्या. त्यांचं बोलणं आधी टोचतं, मग दोन दिवसांनी कळतं की आपलं काम झालेलं आहे. त्यांचे उपकार मी कधी तोंडाने बोललो नाही. बोललो असतो तर त्यावरही काहीतरी ऐकवलं असतं त्यांनी.

पण पहिले उपकार घोडीचे. पहिल्याच आठवड्यात, धुण्याच्या फरशीवर माझा पाय घसरला आणि मी थेट तिच्या मागच्या पायांमध्ये जाऊन पडलो. तिने खूर उचललेला होता. तो तिने तसाच हवेत धरून ठेवला. मी सरपटत बाहेर आलो, तेव्हा हळूच खाली टेकवला. माझ्या छातीवर पडला असता तर आईला माझं काय कळवलं असतं कोणी, हे मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. मला अशी सवय आहे. टळलेलं संकटही मी सोडत नाही.

घोडी एकोणीस वर्षांची. डोळ्यांवर खळगे पडलेले, पाठ थोडी खचलेली, पण अंगाने पांढरीशुभ्र. आठ वर्षं लहान मुलं तिच्यावर बसायला शिकली. मग पावसाळ्यात एकदा चिखलात ती अडखळली. पाठीवरची मुलगी पडलीसुद्धा नाही. पण तिच्या बाबांनी व्हिडिओ काढला, तो पालकांच्या ग्रुपवर गेला, आणि "इतकी म्हातारी घोडी मुलांना देता?" असं सुरू झालं. त्या दिवसापासून तिच्यावर कोणी मूल बसवेना. रिकामं जनावर तबेल्यात किती दिवस ठेवणार? शिवाय पांढरी घोडी. वरातीला अशी घोडी लोक हातोहात नेतात.

मी सोलापूर रस्त्यावर वरातीची घोडी जवळून पाहिली होती. डीजेच्या गाडीमागे, डांबरावर, फटाक्यांच्या धुरात. तिच्या तोंडाला फेस होता आणि पाय बदलायलाही जागा नव्हती. आमच्या घोडीच्या गुडघ्यांनी ते एक मोसमभर सोसलं नसतं.

उस्तादांना मी तसं बोलून दाखवलं. उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. चहा संपवून ते म्हणाले, "दिवाळीनंतरच्या रविवारी घोड्यांचा शो हाय. उड्यांचं सोड. हॅकचा क्लास असतुया त्यात. घोडं चालतंय कसं, ऐकतंय कसं, ठेवलंय कसं, एवढंच बगत्यात. शर्यतीवानी पळायचं न्हाय, उडायचं न्हाय. म्हातारीला जमंल."

"बसणार कोन जी?"

"मी बसू व्हय, ह्या गुडघ्यांनी? तू बस."

मॅडमना विचारायला आम्ही दोघं गेलो. त्या हिशेबाची वही मिटून म्हणाल्या, "म्हणजे म्हाताऱ्या घोडीवर नवशिका स्वार. चांगलं आहे, दोघांनाही एकमेकांकडून अपेक्षा नाही." मग वही पुन्हा उघडली. "पहिल्या सहांत आली तर रिबीन मिळते आणि प्रमाणपत्र. ते भिंतीवर लावता येईल, पालकांना दाखवता येईल. सहांत आली तर राहील. नाही आली तर वरातवाल्याला मी शब्द दिलेला आहे."

एवढंच ठरलं. पहिले सहा.

रोज पहाटे, मुलं यायच्या आधी, आम्ही कालव्याच्या रस्त्याने निघायचो. म्हाताऱ्या घोडीची सुरुवात घाईने करता येत नाही, हे मला तिनेच शिकवलं. थंडीत तिचे सांधे धरलेले असायचे. अर्धा तास नुसतं लांब पावलांनी चालवायचं, मग दुडकी, तीही सरळ रेषेत. लहान गोल काढायचे नाहीत. दात झिजलेले, म्हणून चारा भिजवून द्यायचा. ती हळूहळू मोकळी व्हायची, मी मात्र तसाच ताठ.

"पोत्यावानी बसतुयास," उस्ताद ओरडायचे. "हात! हात बग तुजं! कासरा न्हाय त्यो, लगाम हाय. तिच्या तोंडाला काय ओढतुयास, तिनं काय केलंय तुजं?"

रांगेत उभं राहायचा सराव सगळ्यांत जास्त. बाकीचे घोडे आपापलं करून दाखवत असताना आपण गप्प उभं राहायचं, हेही परीक्षक बघतात म्हणे. मी पाठीवर, आणि उस्ताद भोवती फिरून पत्र्याची बादली वाजवणार, छत्री उघडणार, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणार. पहिल्या दिवशी ती दचकली. दहाव्या दिवशी एक कान हलवला. तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटून उभी. मला इतका आनंद झाला की मी खाली उतरून उस्तादांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "माज्या न्हाय, तिच्या पड."

शनिवारी तिला दोनदा धुतलं. शेपटी विंचरली, अंगाला नीळ दिली, ती दुधासारखी दिसायला लागली. आणि सगळं झाल्यावर मला भीतीने घेरलं. हात रिकामे झाले की माझं असंच होतं. मी आईला फोन लावला.

आईला शो म्हणजे काय ते सांगणं अवघडच. एवढंच म्हटलं, उद्या घोडीची परीक्षा आहे.

"मंग खांदे मळले का रे तिचे?" आई म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. तूप कोमट करून, त्यात हळद कालवून, जिथे जू बसतं तिथे हाताने जिरवतात आणि बैलाच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्याच्या खांद्यावर भार टाकला त्याला आदल्या दिवशी आपल्या हाताने शेकायचं. पोळा कधीच होऊन गेला होता. पण मला वाटलं, उद्या भार तर तिच्यावरच आहे. माझाही.

उस्ताद घरी गेले होते. कोणाला विचारलं नाही. खोलीतल्या गॅसवर तूप कोमट केलं, डब्यातली हळद घातली आणि तिच्या खांद्यांना, मानेच्या बुडाला आणि जिथे खोगीर बसतं त्या पाठीला चांगलं अर्धा तास मळलं. तिने खालचा ओठ सैल सोडला. मी कानात आवतन दिलं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला पुण्यात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

सकाळी उजेडात बघितलं तर खांदे, मान, पाठ सगळं पिवळंधमक. पांढऱ्या घोडीला हळद लावल्यावर काय होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमचे बैल तांबडे, त्यांच्यावर काही दिसत नाही. मी कपड्यांचा साबण घेऊन घासत सुटलो, तर पिवळं होतं ते लाल झालं. जितकं घासावं तितकं लाल. पाणी ओतून ओतून थोडं फिकं केलं, तेवढ्यात गाडी घेऊन उस्ताद आले.

त्यांनी बघितलं. भोवती फेरी मारून पुन्हा बघितलं.

"घोडी हाय का हळदीची नवरी?" ते म्हणाले. मला हसू आलं नाही आणि त्यांनाही आलं नाही. "खोगिराखाली झाकंल तेवढं झाकंल. खांद्याला खडूची पूड लाव. आनि आता एक शब्द बोलू नगंस, न्हायतर मीच रडंन."

रिंगणात आम्ही अकरा होतो. बाकीच्यांचे घोडे उंच, तरुण, तकतकीत. त्यांच्या स्वारांचे बूट बघून मी माझे, उस्तादांकडून मागून घातलेले, रिकिबीत मागे ढकलले. परीक्षक साठीच्या बाई होत्या, मोठी टोपी घातलेल्या, मध्यभागी काठी टेकवून उभ्या.

चालायला सांगितलं, घोडी चालली. दुडकी सांगितली, तिने दुडकी घेतली. धावायचा हुकूम आला तेव्हा मला सगळं विसरायला झालं. पाय कुठला, हात कुठला, काही नाही. पण आठ वर्षं तिने रोज तेच हुकूम ऐकलेले. माझी वाट न बघता तिने आपणहून लय धरली आणि मला पाठीवर घेऊन, रांगेतलं अंतर राखत, झुलत निघाली. पुढचा तपकिरी घोडा लाथा झाडत होता. तिने फक्त कान मागे टाकले.

मग बाईंनी काठीने एकेकाला खुणावून मध्ये बोलावलं. बोलावण्याचा क्रम म्हणजे तोवरचा नंबर. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवी खूण आमच्याकडे. मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला असेल म्हणून. आम्हालाच होती.

रांगेत उभं असताना मी मनात एकच म्हणत होतो, पाच. पाच म्हणजे सहाच्या आत.

आणि मग खोगिरं उतरवायला सांगितलं. हे मला माहीत होतं. उस्तादांनी दहा वेळा सांगितलं होतं की शेवटी पाठ उघडी करून दाखवावी लागते. तरी हळद लावताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खोगीर उतरवलं. घामाने खालचा डाग पुन्हा भडकला होता, तळहाताएवढे दोन लालसर पट्टे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना.

बाई थबकल्या. "जखमेवर खोगीर घातलंस?"

त्यांनी बोटाने दाबून बघितलं. मान ते कमरेपर्यंत सगळा मणका दाबला. घोडी हललीसुद्धा नाही. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"हळद?"

"हो जी."

"कशासाठी?"

मी सांगितलं. बैलांचं, पोळ्याचं, आईचं, सगळं एका दमात. शेवटी म्हटलं, "तिले रंग म्हणून नाही लावली जी. तिचा मान म्हणून लावली."

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि त्यामुळेच मला आशा वाटली. मग त्या सावकाश म्हणाल्या, "समजलं. पण घोड्याला रंग आणि पूड लावून आणता येत नाही. कारण काहीही असो. मला तुला शेवटी उभं करावं लागेल."

रिबिनी वाटल्या तेव्हा आम्ही अकरावे होतो.

संध्याकाळी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. परीक्षकांचा कागद त्यांच्या हातात होता. इंग्रजी होता म्हणून त्यांनी मराठी करून वाचला. "वागणूक, सर्व घोड्यांत उत्तम. पाठ निरोगी. वयाच्या मानाने निगा फार चांगली. आणि खाली, अंगाला रंग, म्हणून शेवटचा क्रमांक." त्यांनी चष्मा काढला. "आता यातलं पालकांना कुठलं दाखवू ते तूच सांग."



तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी वरातवाला आला. चांगला माणूस होता, उगाच खोटं बोलणार नाही. त्याने दात बघितले, खूर उचलून बघितले. मग खिशातून मोबाइल काढून तिच्या कानाशी डीजेचं गाणं लावलं, मोठ्यात मोठ्या आवाजात. मी दोर धरून उभा होतो. मनात म्हणत होतो, दचक. एकदा तरी दचक, बाई. लाथ मार.

तिने डोळे मिटले.

"आयला," तो म्हणाला, "ही तर देवळातल्यागत उभी राहते! कोणी शिकवलं?"

उस्तादांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. तीन आठवडे बादली वाजवून आम्ही दोघांनी तिला हेच शिकवलं होतं.

त्याने दोर घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही. ठरवून असं काही नाही, बोटं सुटेनात.

"अरे, सोड," मॅडम म्हणाल्या.

"नाही जी."

"घोडी तुझी आहे का?"

"नाही जी."

"मग?"

नोकरी गेली, खोली गेली, आता सामान घेऊन बसस्टँडवर जायचं, हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं, तरी दोर सुटेना. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग घोडीकडे, मग वरातवाल्याकडे.

"आमचा सईस दोर सोडत नाही म्हणतोय," त्या त्याला म्हणाल्या. "आता त्याचे हात कापून देऊ का तुम्हाला? पुढच्या आठवड्यात फोन करते."

तो हसला आणि गेला. मॅडम सरळ ऑफिसात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर परीक्षकांचा तो कागद ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलेला होता. जशाच्या तसा, रंगाच्या ओळीसकट. एक आई तो वाचत उभी होती. तिने मला विचारलं, "यातली ही उत्तम वागणूकवाली कुठली?" मी बोट दाखवलं. तिच्या मुलीला आता मी आठवड्यातून दोनदा दोर धरून फिरवतो, फक्त पावलांनी. एकच मुलगी. एका मुलीवर घोडी राहत नाही, हे मला कळतं.

मॅडमनी तो फोन अजून केलेला नाही. करणार नाही, असंही म्हणालेल्या नाहीत. मी विचारत नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल त्यांना.