मावशींचा शेरा

कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. सव्वीस वर्षं त्या कॉम्प्युटरची कॅबिनेट तपासत आल्या होत्या. आत हवा खेळते का, पंखे किती कोकलतात, ते बघायचं. त्यांच्या सहीवाचून माल बाहेर पडत नसे. एवढ्या वर्षांत माणसं आणि कॅबिनेट यांना त्या एकाच मापाने मोजायला लागल्या होत्या: समोरून फार चकचकीत, म्हणजे आत दम कोंडणार.

मालकांचे जावई तर गॉगल कपाळावर चढवूनच आत आले. हातात त्यांनी स्वतः आखलेलं कॅबिनेट. पुढची अख्खी बाजू काचेची, वारा शिरायला बोटभर फट. तपासणीही त्यांनीच उरकली होती. मावशींनी फक्त सही करायची. नाहीतर खोके भरायच्या विभागात बदली, हे त्यांनी चहा मागवता मागवता सांगून टाकलं.

मावशींनी कागद पाहिला. आकडे इतके गोंडस, की त्यांना उबगच आला.

"आवाज मोजलात तेव्हा छताचा पंखा?"

"बंद. नाहीतर त्याचाच आवाज आला असता."

"आणि गरमी मोजलीत तेव्हा?"

"तेव्हा चालू होता. उकडत होतं हो, मावशी."

"कुणाला, तुम्हाला की मशीनला?"

मावशींनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि मशीनला कामाला जुंपलं. वीस मिनिटांत प्रोसेसर चौऱ्याण्णव अंशांवर, आणि पंखे मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखे.

"काच दिसते मात्र सुंदर," जावई म्हणाले.

"दिसते ना. मासे सोडा तिच्यात."

जावयांनी सासऱ्यांना बोलावून घेतलं. मालक निकाल ठरवूनच आले होते. घरचाच माणूस आहे, करून टाका सही, असं काहीसं म्हणाले असावेत. पंख्यांच्या गोंगाटात मावशींना नुसते ओठ हलताना दिसले. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. दुसऱ्या कानात बोट खुपसून ते दोनदा "काय?" म्हणाले, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

मावशींनी पेन उघडलं. जावयांचा चेहरा खुलला. शेऱ्याच्या रकान्यात मावशींनी लिहिलं: "नापास. फोन घ्यायला मालकांना खोलीबाहेर जावं लागलं." खाली ठसठशीत सही.

"साक्षीदार म्हणून तुम्ही करा," कागद सरकवत त्या म्हणाल्या. "आणि खोक्यांचा विभाग मला माहीत आहे. तिथे हवा चांगली खेळते."