एकाच पातेल्यातलं

माझी सहा वर्षांची लेक रोज सातला टीव्हीसमोर बसून दूधभात खायची आणि साडेआठला आम्ही मोठी माणसं आमचं झणझणीत जेवायला बसायचो. एकदा ती शेजारणीला सहज म्हणाली, "आमच्या घरचं जेवण मला चालत नाही." घरचीच पोरगी, आणि घरच्या अन्नाला परकी! त्याच दिवशी मी सोमवार ते रविवारची यादी लिहून फ्रिजवर चिकटवली. आठवडाभर सगळ्यांसाठी एकच पातेलं चढेल आणि लेक आमच्या पंगतीला बसेल, असं ठरवून टाकलं.

माझे सासरे, म्हणजे आबा, धुळ्याकडच्या खेड्यातले. जेवताना नाकातून पाणी आलं नाही तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. चष्मा लावून त्यांनी यादी वाचली.

"हाई ते बठ्ठं आजारीनं जेवन शे."

"आबा, सातच दिवस खा सगळं आजाऱ्याचं," मी म्हटलं. "वरून ठेचा घ्या हवा तेवढा, पण पातेल्यात मिरची पडणार नाही."

खिचडी-कढी, दशम्या, मुगाचं वरण, तीन दिवस निभावले. गुरुवारी शेवभाजी होती. रश्शात काळा मसाला नावापुरता घातला, कांदा-खोबरं सढळ, वर दोन चमचे दही. मी दोनदा चाखला, अगदी सौम्य. पोरीने मोठा घास घेतला आणि किंचाळलीच. डोळे लाल, नाक लाल. मला काही कळेना. शेवटी आबांनी ताटातली एक शेव उचलून चावली.

"शेवच तिखट शे ना!"

रस्सा मी सपक केला होता आणि शेव मात्र नेहमीचीच, जाड आणि तिखट आणली होती. भाजी करता करता त्यातली मूठभर खाल्लीही होती, आणि मला काहीच जाणवलं नव्हतं. आमच्या जिभेला ती नुसती शेव लागते. मला माझीच लाज वाटली.

"मी परत तुमच्यात जेवणार नाही," म्हणून लेक उठली. शुक्रवारी तिने पुन्हा टीव्हीसमोर ठाण मांडलं. "दे ना तिला दूधभात," नवरा म्हणाला. मी दिला नाही. पातेल्यातला मऊ भात आणि बटाट्याची भाजी तिथेच नेऊन दिली. शनिवारीही तेच. तिने अर्धं खाल्लं, अर्धं टाकलं. यादी काही मी फ्रिजवरून काढली नाही.

रविवारी वरण-बट्टी केली. मी आबांपुढे ठेच्याची वाटी ठेवली, ती त्यांनी बाजूला सारली. बट्टी कुस्करली, वरण ओतलं, तूप सोडलं आणि नातीला हाक मारली.

"ये वं माय, पहिले तू चाख. तिखट लागनं ते मन्हं बी ताट उचल."

ती दारात उभी राहिली. मग आली, त्यांच्या ताटातला एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. माझा घास हातातच होता. मग तिने मांडी घातली, ताट स्वतःकडे ओढलं आणि मला म्हणाली,

"आई, आबांना दुसरं वाढ."