दिवेलागणीच्या आत

सूर्याचा धाक मानणारा माणूस यॉर्कशायरमध्ये एकच होऊन गेला, आणि ते आमचे साडू होते. बाकी आम्ही लीड्सची मंडळी सूर्याला लांबच्या नातेवाइकासारखं वागवायचो. आला तर बरं वाटायचं, नाही आला तर छत्री होतीच. साडूंचं तसं नव्हतं. आज सूर्य किती वाजता मावळणार हे ते रोज सकाळी पेपरात बघून ठेवत आणि त्याच्या आत घरी पोचत. सत्यनारायणाची आरती अर्ध्यावर असो की ताटात नुकतीच जिलबी पडलेली असो, खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागला की साडू उठत, यजमानांना नमस्कार करत आणि कोपऱ्यावरून दिसेनासे होत. डिसेंबरात तर पावणेचारालाच सूर्य दुकान बंद करतो. त्यामुळे हिवाळ्यात साडू जेवायला आले की पहिल्या वरणभातालाच घड्याळ बघू लागत. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मागाहून सावकाश मोटार घेऊन घरी जायची. आम्ही सगळेच तिला ताई म्हणायचो.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या एका गणपतीत कुणीतरी मला विचारलं की तुमचे साडू असे का पळतात. मी तेव्हा मंडळाचा हजरजबाबी माणूस समजला जायचो आणि ती समजूत टिकवायची मला फार काळजी होती. मी म्हणालो, "त्यांना रातांधळेपणा आहे हो. कुणाला सांगू नका." लोक खूप हसले. मग ते कुणाला सांगू नका म्हणून एकमेकांना सांगू लागले, आणि ब्रॅडफर्डला पोचेपर्यंत त्यातला विनोद गळून नुसतं निदान उरलं. आमचे साडू भूलतज्ज्ञ होते, रात्री-अपरात्री मोटार काढून हॉस्पिटलात जाऊन माणसं निजवत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एका बाईंच्या आलं होतं, पण त्या म्हणाल्या, थिएटरमध्ये दिवे असतात ना. गेल्या वर्षी साडू गेले. शोकसभेला एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, की रात्रीचं दिसत नसताना माणसानं केवढं काम केलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. म्हणून हे आता लिहून ठेवतो. साडूंची नजर उत्तम होती. दिवा नव्हता तो त्यांच्या मोटरसायकलला.

ही मोटरसायकल ट्रायल्सची होती. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. माळरानावर, ओढ्यात, दगडाधोंड्यांवरून गाडी अगदी हळू न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की मार्क गेला. साडू एकदा इथल्या डेल्सच्या डोंगरांत सहज फिरायला गेले असताना त्यांनी हा प्रकार पाहिला आणि तिथेच ओल्या गवतावर तीन तास बसले. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "घाई करणाऱ्याला मार्क नाहीत असा खेळ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला." तेव्हा ते पन्नाशीला आले होते. पुढच्याच महिन्यात एक मेंढपाळ हर्नियाच्या ऑपरेशनला आला. भूल देताना साडूंनी त्याला आकडे मोजायला सांगितले, तर तो आकड्यांऐवजी गोठ्यात पडलेल्या आपल्या स्पॅनिश गाडीबद्दल पुटपुटत झोपला. शुद्धीवर येताच त्याला पहिला प्रश्न कुठे दुखतंय असा नव्हता. गाडीचं इंजिन फिरतं का, हा होता.

इंजिन फिरत नव्हतं. साडूंना त्याचा आनंदच झाला. ते टू-स्ट्रोक इंजिन त्यांनी दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर उघडलं आणि पुढची दोन वर्षं त्या घरात पाहुण्यांना बसायला जागा राहिली नाही. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. ते मिश्रण साडू इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं मोजत, बुडबुडा राहू नये म्हणून सिरिंजला टिचकी मारत, आणि टाकीला अगदी सवयीनं म्हणत, "जरा टोचल्यासारखं होईल." कार्ब्युरेटरचे पेट्रोल सोडणारे बारीक पितळी जेट त्यांनी ताईच्या मिसळणाच्या डब्यात ठेवले होते, हळद-मोहरीच्या शेजारच्या वाटीत. एका रविवारी कोशिंबिरीच्या फोडणीत पितळेचा एक तुकडा तडतडला तेव्हा ताईनं डबा त्यांच्याकडे सरकवला आणि स्वतःसाठी नवा आणला. काजळी धरलेला स्पार्क प्लग गॅसवर भाजून निघायचा. एका शेगडीवर फुलका, दुसरीवर प्लग. त्यांची मुलगी अदिती इथेच वाढलेली. ती वैतागून म्हणायची, "बाबा, तुझी इंजिन कार्पेटवर लीक करतो." साडू म्हणत, लीक नाही गं, घाम येतोय तिला. त्यांचा सिद्धांत असा होता की इंजिन काय आणि पेशंट काय, श्वास नीट चालू राहिला की आपलं काम झालं. बाकीची कापाकापी सर्जननं बघावी.

गाडी धडधडायला लागली आणि खरी अडचण पुढे आली. ट्रायल्सच्या स्पर्धेत एका ओढ्यापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत साध्या रस्त्यानं जावं लागतं, आणि आमच्या साडूंच्या गाडीला जन्मापासून नंबरच नव्हता. ती माळरानासाठी जन्मली होती, सरकारदरबारी तिचा पत्ताच नव्हता. मग साडूंनी तिला नागरिकत्व मिळवून द्यायचं मनावर घेतलं. आम्हा सगळ्यांना त्या कामाचा अनुभव होताच. साडू म्हणाले की माझ्या वेळेपेक्षा हिला कमी प्रश्न विचारले. वय सिद्ध करायला जुन्या गाड्यांच्या क्लबचं पत्र आणलं. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासिस नंबर तपासायला अधिकारी घरी येणार होता, तर आदल्या दिवशी त्या नंबरावरचा रंग त्यांनी स्पिरिट आणि कापसानं असा हलक्या हातानं पुसला की गाडीनं कळवळून ओरडू नये. अधिकाऱ्यानं नंबर वाचला, ताईचे दोन बटाटेवडे खाल्ले आणि एकूण समाधान व्यक्त केलं. हॉर्न हवा होता, तर साडूंनी रबरी भोंगा बसवला. राहिले दिवे. गाडी एमओटीसाठी, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीसाठी, नेली तेव्हा तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं की दिवे बसवले नाहीत तरी पास करता येईल, पण मग गाडी फक्त दिवसाउजेडी चालवायची. साडूंना हे फार पटलं. वजन कमी राहावं म्हणून जिची सीटसुद्धा नावापुरती ठेवलेली, तिला दिवे आणि बॅटरी लावणं म्हणजे हरणाच्या गळ्यात घंटा बांधणं, असं त्यांचं मत होतं.

नंबर मिळाला त्या दिवशी ताईनं शिरा केला, साडूंनी नंबरप्लेटला कुंकू लावलं आणि फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला. शेजारच्या इंग्लिश आजी काही सांडलं वाटून सुपली-केरसुणी घेऊन धावत आल्या. तिथून पुढे साडू कुठेही जायचे ते गाडीवरून, पायट्यांवर उभे राहून, एखाद्या सेनापतीसारखे. गाडी उभी ठेवली की तिची छाती भरते, म्हणून तिला रोज फिरवायला हवं, असं ते म्हणत. ताईची एकच अट होती. कन्सल्टंट माणूस चिखलानं माखलेल्या धुराड्यावरून आला हे मंडळातल्या बायकांना दिसता कामा नये. म्हणून साडू गाडी पुढच्या वळणावर लावत, हेल्मेट तिथेच हँडलला अडकवत आणि सभ्य गृहस्थासारखे चालत येत. आता कळलं ना, ते का पळायचे? घरच्या आम्हाला हे ठाऊक होतं. मंडळाला ठाऊक होता फक्त माझा विनोद.

पुढे अदितीनं लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच युनिव्हर्सिटीतला, लेस्टरचा, मराठी. आईवडिलांना आयता आनंद. फक्त रीतीप्रमाणे दोन्ही घरांनी एकदा भेटायचं राहिलं होतं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. त्यांना आपण लेस्टरकर म्हणू. हे लेस्टरकर नेमके डोळ्यांचे सर्जन. अतिशय संकोचून ते म्हणाले, की तुम्ही साडू, म्हणून विचारतो. असं ऐकलं की मुलीच्या वडिलांना रात्रीचं दिसत नाही. काही रातांधळेपण रक्तातून पुढे जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी कौन्सिलच्या रस्त्यांचं काम करणारा, डॉक्टर नव्हे, तेव्हा मला ते खरं तर सांगायला हवं होतं. मी एका वाक्यात उलगडा करू शकलो असतो. पण मग ही थाप उठवली कुणी हेही सांगावं लागलं असतं, आणि मी म्हणालो, "छे छे, तसं विशेष काही नाही. तुम्ही याच ना, भेटाच." विशेष काही नाही, हे डॉक्टरला सांगायचं सगळ्यांत वाईट वाक्य आहे. दोन दिवसांनी अदितीचा फोन आला. मुलानं तिला सगळं सांगितलं होतं. "काका, प्लीज तू सांग ना त्यांना. बाबाला कळला तर त्याला किती वाईट वाटेल." मी सांगतो म्हणालो. तेही मी केलं नाही.

भेट आमच्या घरी ठरली, कारण ताईच्या दिवाणखान्यात त्या वेळी गिअरबॉक्स होता. नोव्हेंबरातला शनिवार. साडू गाडीवरून आले, ती त्यांनी ताईच्या डोळ्यांआड आमच्या मागच्या अंगणात लावली. ताई आणि अदिती मोटारीनं आल्या, आणि मागोमाग लेस्टरकर बायको-मुलाला घेऊन. पोहे झाले, हवापाणी झालं, दोन्ही घरांचं गाव कुठलं ते झालं. साडेतीन वाजले आणि साडू खुर्चीत चुळबुळू लागले. पण मुलीसाठी त्या दिवशी ते उठले नाहीत. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सूर्याला एकट्याला मावळू दिलं. सगळं लक्ष खिडकीकडे, चेहरा एखाद्या जवळच्याला स्टेशनवर पोचवायला गेल्यासारखा. माझी बायको बोलण्याच्या नादात दिवा लावायला विसरली होती. साडूंनी खिडकीकडेच बघत कप टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या अलीकडे ठेवला. चहा लेस्टरकरांच्या मांडीवर.

लेस्टरकरांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. मग खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुमची हरकत नसेल तर जरा बघू का?"

साडू म्हणाले, "माझे डोळे? ते कशाला?"

मी पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करत होतो. शेवटी अदितीच म्हणाली, "बाबा, सगळे म्हणतात तुला अंधारात दिसत नाही. म्हणून अंकल घाबरलेत. आमच्या मुलांना होईल म्हणून."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मग ते उठले. "डॉक्टर, जरा बाहेर येता?" एवढंच म्हणाले.

आमच्या मागच्या अंगणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिथे मी सहा उन्हाळे राबून एक रॉकरी उभी केली होती, डेल्समधून आणलेले दगड रचून, फटीफटींत फुलझाडं लावून. सगळे अंगणात येईपर्यंत अंधार चांगला पडला होता. साडूंनी किक मारली, निळा धूर उठला, माझी बायको दोरीवरचे कपडे काढायला धावली. लेस्टरकरांनी टॉर्च पुढे धरला, तर साडू म्हणाले, "तो बंद करा हो, डोळे दिपतात." आणि पायट्यांवर उभे राहून ते माझ्या रॉकरीवर चढले. घाई नाही, गडबड नाही. पुढचं चाक एकेक दगड हुंगून वर जात होतं. माथ्यावर गाडी क्षणभर जागच्या जागी तोलून उभी राहिली, मग फुलझाडं बाजूला टाकत पलीकडे उतरली, कपड्यांच्या दोरीच्या खांबाभोवती वळली, तीन पायऱ्या खाली आली. जमिनीला एकदाही पाय लागला नाही. लेस्टरकरांच्या समोर वीतभर अंतरावर गाडी थांबली.

"डॉक्टर," साडू म्हणाले, "तुमच्या डाव्या बुटाची नाडी सुटली आहे."

लेस्टरकरांनी वाकून पाहिलं. त्यांना दिसली नाही. हातानं चाचपली, तेव्हा कळलं की खरंच सुटली आहे. मग ते तिथेच पायरीवर बसून इतके हसले की त्यांच्या बायकोला पाणी आणावं लागलं. अदितीनं बापाला हेल्मेटसकट मिठी मारली. तिचं लग्न ठरलं ते त्या पायरीवर.

गाडीला दिवे का नाहीत ही सगळी हकिकत साडूंनी मग चहाबरोबर सांगितली. मी म्हणालो, गाडी आज इथेच राहू द्या. ते म्हणाले, परक्या घरी तिला झोप लागत नाही, आणि ढकलत न्यायला कायद्याची काही ना नाही. असं ढकलणं त्यांनी पूर्वीही केलं असणार, कारण त्यात दुःख वगैरे काही नव्हतं. लेस्टरकर उठले, भिजलेल्या पँटवर ओव्हरकोट चढवला आणि म्हणाले, मी मागून हात लावतो. दोन मोठ्या हॉस्पिटलांचे दोन मोठे डॉक्टर ती गाडी ढकलत आमच्या गेटमधून बाहेर पडले. मध्येच एकजण गंमत म्हणून भोंगा वाजवत होता.

त्यांना सोडायला मी गेटपर्यंत गेलो होतो. आमच्या गेटपाशी दिवा नाही. मला साडूंना काहीतरी सांगायचं होतं, की ती अफवा, तो गणपती, तो फोन. पण मी नुसती गेटची कडी मागेपुढे करत राहिलो, आणि मनाशी म्हटलं, निदान या काळोखात तोंड तरी दिसत नाही. साडू हँडल धरून थांबले. माझ्याकडे त्यांनी चांगलं निरखून पाहिलं, चासिसवरचा पुसट नंबर वाचताना पाहायचे तसं, सावकाश, शेवटपर्यंत.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "गारठा फार आहे. तुम्ही आत जा."