डॉक्टरांच्या गाडीचे गिअर

कापसानं वऱ्हाडाला रडवलं त्या वर्षांत आमच्या शेडमध्ये ट्रॅक्टर यायचे बंद झाले. बाबा वलगाव रस्त्यावरचे मिस्त्री, ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करणारे. खिसा रिकामा असला की माणूस धूर ओकणारं इंजिनही तसंच चालवतो, मिस्त्रीकडे आणत नाही. आई अमरावतीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि जे विकलं जायचं नाही ते आमच्या ताटात यायचं. एक अख्खा हिवाळा आम्ही किडकी वांगी खाल्ली.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाले होते आणि एका शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवत होते. याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे. बाबांनी मला पान्याला कधी हात लावू दिला नाही. म्हणायचे, "तुले शिकवलं ते हात काळे कराले नाई."

अशात अचलपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपली जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आणली. दोनच सीटांची, बुटकी, वरून उघडी. पुढून खडखड आवाज यायचा. बाबांनी स्क्रूड्रायव्हरची दांडी इंजिनाला टेकवली, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "टायमिंगचे गिअर गेले."

इंजिन खोललं. पुढच्या झाकणाआड दोन गिअर एकमेकांत दात अडकवून फिरतात. लहान गिअर क्रँकवर, मोठा कॅमशाफ्टवर. मोठ्याच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. दोघांचेही दात झिजून सुरीसारखे झाले होते. नवे कुठंच मिळेनात. "अकोल्याहून कापून आणतो," बाबांनी डॉक्टरांना शब्द दिला. त्याच आठवड्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं.

गाडी तशीच खोललेली पडून राहिली. डॉक्टर भेटायला आले, खाटेजवळ बसले. "मिस्त्री, तुम्ही आराम करा. गाडी मी ओढून दुसरीकडे नेतो."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्याकडं मिस्त्री लोकांत एक समजूत आहे. आपण खोललेलं इंजिन दुसऱ्याच्या शेडमध्ये बांधलं गेलं, की आपण मेलो. डॉक्टरांना हे कुठून माहीत असणार?

मी म्हटलं, "नेऊ नका. बाबा सांगतील, मी करीन."

"तू?" बाबा तसेच भिंतीकडं पाहत बोलले. जीभ जड झाली होती. "कालेजातली?"

"कालेजातली मंग काय झालं? मले हात नाईत का?"

"काळे होतील."

"होऊ द्या. साबण आहे घरात."

ते हसतील असं वाटलं होतं. ते रडले. मग डॉक्टरांना म्हणाले, "राहू द्या गाडी."

अकोल्यात गिअर कापणारे चाचा बाबांचे जुने दोस्त. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्यांचं काम करण्यात त्यांची उमर गेली. आता जिन बंद पडत होते. त्यांच्या दुकानात इतकी शांतता होती की बाहेरच्या सायकलची घंटी ऐकू यायची. गिअर कापायच्या मशीनचा सौदा भंगारवाल्याशी झालेला होता. तरी त्यांनी झिजलेले गिअर बोटांनी चाचपले, माप घेतलं आणि नवी जोडी कापून दिली.

गिअर शाफ्टवर घट्ट बसायला तो तापवावा लागतो. तेलात तापवला की जरासा फुगतो आणि सरकतो. मी आईची जुनी कढई घेतली.

"घ्या आता!" आई म्हणाली. "पुऱ्या झाल्या, भजे झाले, आता गिअर तळून राहिली पोट्टी!"

बाबा खाटेवरून सांगत होते. पहिला पिस्टन वर आण. दोन्ही गिअरांच्या खुणा समोरासमोर धर. एक दात जरी चुकला तरी सगळं चुकलं. मी दात चुकू दिला नाही. झाकण लावलं, गाडी सुरू केली. खडखड गेली, पण टकटक आली.

"खोल," बाबा म्हणाले. "ढिले आहेत. जिनासारखे दात कापले अकोलेवाल्यानं."

मी पुन्हा अकोल्याला गेले. चाचांनी जोडी हातात धरून हलवली आणि स्टुलावर बसले. "जिंदगीभर जिनाचे गिअर कापले, बेटी. तिथं रुई अडकते, म्हणून दातात फट ठेवाच लागते. मी ठरवून नाई ठेवली. हाताच्या सवयीनं राहिली." मग विचारलं, "तुझा बाप काय म्हणे?"

"म्हणे, सांग त्याले, गाडीत कापूस पिंजत नाई."

चाचा मोठ्यानं हसले आणि हसता हसता त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. "त्याले म्हण, आता जिनातबी नाई पिंजत." मशीनला त्यांनी तेल दिलं आणि दुसरी जोडी कापली. दर दोन दातांनी थांबून माप घेत होते. त्या मशीनवर कापलेली ती शेवटची जोडी. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मशीनच्या जागी जमिनीवर फक्त चार बोल्टांची भोकं होती.

या वेळी बाबा खुर्चीवर, गाडीशेजारी बसले. डाव्या हातानं त्यांनी मोठा गिअर हलवून पाहिला. हलला नाही म्हटलं तरी चालेल, इतकाच हलला. "बांध," म्हणाले. मी बांधलं. गाडी सुरू केली, टकटक गेली होती. माझ्या नखांत, कोपरापर्यंत काळं तेल होतं. बाबा इंजिनाकडं कमी आणि माझ्या हातांकडं जास्त पाहत होते. माझ्याच्यानं त्यांच्याकडं पाहवेना.

त्यानंतर बाबांनी एकही इंजिन खोललं नाही. हात परत आला नाही. शेडचं टिन पुढं विकलं गेलं.

पण डॉक्टरांची गाडी कुठं ओढून न्यावी लागली नाही. बाबांनी खोललेलं इंजिन आमच्याच शेडमध्ये बांधलं गेलं, आणि डॉक्टर गाडी स्वतः चालवत अचलपूरला घेऊन गेले.