पाण्याची काच

पुणतांब्यात भीमराज पगारेचं घर विचारलंत तर कुणीही विचारेल, "आगगाडीवाल्याचं का?" आणि वर दात काढेल. काढू द्या. अंगणात जांभळीला आणि मोरीला वळसा घालून जाणारे रूळ, आणि त्यावर खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर पळणारं गुडघ्याएवढं इंजिन, हे ज्यानं स्वतःच्या हातानं उभं केलं त्याला हसायला काय जातं?

भीमराज साखर कारखान्यात बॉयलरवर होता. उभा जन्म आगीसमोर गेला. निवृत्त झाल्यावर बाकीचे पारावर जाऊन बसले, हा गडी नगरजवळच्या नागापूरच्या वर्कशॉपांमधून तांब्याचे पाइप, पितळी कॉक आणि भंगारातल्या पट्ट्या गोळा करत हिंडला. बायको सत्यशीला म्हणायची, "तुमी कारखाना सोडला, पन कारखान्यानं तुमाला सोडलं न्हाई." पण इंजिन पहिल्यांदा हललं तेव्हा तोंडाला पदर लावून पोरीसारखी हसली ती. तेव्हापासून भीमराजनं गाडी काढली की ती रुळाच्या कडेला जांभळीखाली तांदूळ निवडत बसायची.

आता एक गोष्ट समजून घ्या. बॉयलरच्या पाठीला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती उरलंय ते तिच्यात दिसतं. कारखान्यातली काच हातभर लांब, या इंजिनाची उदबत्तीच्या काडीएवढी बारीक. खाली आग आणि आत पाणी नाही अशी गत झाली तर बॉयलर फाटतो, मग लहान काय आणि मोठा काय. आणि त्यातही खोच अशी, की काठोकाठ भरलेली काच आणि पार रिकामी काच सारखीच दिसते. मधली रेघ दिसली तरच खरं. म्हणून कारखान्यात नव्या आलेल्या प्रत्येकाला भीमराज दम भरायचा, "रेघ दिसली न्हाई तर आग काढायची. इचारायला यायचं न्हाई."

अंगणात मात्र सत्यशीलेचं तोंड चालू असायचं. गाडी जांभळीपाशी थांबली की म्हणायची, "अहो, आर्धीच काच ऱ्हायली, पाणी घाला." हा खेकसायचा, "मला डोळे न्हाईत व्हय?"

"हायेत की. मलाबी हायेत," असं म्हणून ती पुन्हा खडे वेचायला लागायची.

आषाढात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मुलगा योगेश नगरहून आला. नागापूरच्या कंपनीत नोकरी, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. म्हणाला, "आप्पा, आता माझ्याकडं चला. हल्ली भिंतीला हात लावून चालता तुम्ही."

"आंधार हुता."

"दुपारी अंधार?"

झालं! बापलेकांची जुंपली. शेवटी योगेशनं हात टेकले. म्हणाला, "बरं. दिवाळीला येतो. एकट्यानं गाडी चालवून दाखवा. मी हात लावणार नाही. नीट चालवलीत तर इथंच राहा, पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर माझ्याबरोबर यायचं." भीमराज हो म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर रूळ कुठं टाकणार होता तो? हे अंगण सुटलं की इंजिन कपाटावर चढणार आणि आपण खुर्चीत बसणार, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

दिवाळीत त्यानं ताडपत्री काढली. मापानं पाणी भरलं, निखारे टाकले, आणि हाताच्या तळव्यानं बॉयलरची धग बघत बसला. कारखान्यातला जुना जोडीदार हनुमंत मुद्दाम बघायला आला होता. वाफ धरली, शिट्टी वाजली, इंजिन निघालं. काय चाललं म्हणून सांगू! वळणावर हळू, सरळीला जोरात, आणि म्हातारा बाजूनं वाकून चालतोय. चारसहा फेऱ्या झाल्या आणि योगेशच हसला. "जिंकलात आप्पा. राहा इथंच." हनुमंतानं टाळ्या पिटल्या. भीमराजला हायसं वाटलं.

सवयीनं त्यानं गाडी जांभळीखाली थांबवली आणि कोळसा टाकायला खोरं उचललं. उचललेलं खोरं तसंच राहिलं. तो वाट बघत होता. कशाची, ते त्याचं त्यालाही पटकन कळलं नाही. जांभळीखाली कुणी बोललंच नाही.

मग तो काचेवर वाकला. काच पांढरट दिसत होती, एवढंच. खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून त्यानं काच फुंकली, आतलं पाणी बाहेर सोडलं. वाफ फुस्सकन गेली. कॉक बंद केला. आता पाणी परत वर चढायला हवं. चढलं का नाही? डोळे बारीक केले, मान वाकडी केली. रेघ नाही. भरलेली म्हणावी तर भरलेली, रिकामी म्हणावी तर रिकामी.

अरे, पाणी बघत होतं कोण? आपली नजर गेलीय हे तिला कळलं होतं. त्याच्याही आधी कळलं होतं तिला, आणि तिनं एका शब्दानं त्याला कमीपणा येऊ दिला नाही. वर त्याची बोलणी खाल्ली.

त्याला काही करायची गरज नव्हती. पोरानं शब्द दिला होता. गाडी तशीच मोरीपर्यंत नेऊन थांबवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. भीमराजनं आकडी घेतली, आगीची जाळी ओढली आणि सगळे निखारे रुळांवर पाडले.

"आप्पा, हे काय केलंत? चांगली चालली होती की!" योगेश धावत आला.

"काच दिसंना."

योगेश गुडघ्यावर बसला, काचेला डोळा लावला. "अर्धी आहे, आप्पा. पाणी आहे भरपूर. काही झालं नसतं."

"आसंल. मला न्हाई दिसलं."

हनुमंत मान खाली घालून निखारे पायानं बाजूला सारत राहिला. योगेशनं बापाचा हात धरला. आवाज उतरला होता त्याचा. "कधीपासून दिसत नाही?"

भीमराजनं जांभळीखालच्या मोकळ्या जागेकडं तोंड केलं.

"तुजी आई गेली तवापासून."