कोटा म्हणजे काय

"कोटा म्हणजे काय, हे तिला विचारा. तिचा जन्मच कोट्यातला आहे."

निखिल सर हे म्हणाले आणि मीटिंग रूममधले सगळे हसले. हातातला मार्कर त्यांनी माझ्यावर रोखला होता. मीही हसल्यासारखं केलं. तोंड आपोआप तसं झालं, त्याचीच मला जास्त चीड आली.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी आयटी विभागात आहे. कारखान्याचे सर्व्हर आमच्याच इमारतीत, आमच्याच ताब्यात. यालाच प्रायव्हेट क्लाऊड म्हणायचं. तो सांभाळण्याची सर्टिफिकेशन परीक्षा पास झाले तर मी हेल्पडेस्कवरून ॲडमिन होणार. नाहीतर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलत बसायचं. निखिल सर आमचे टीम लीड. संध्याकाळी आमची परीक्षेची तयारी करून घ्यायचे. त्या दिवशी विषय होता, कुठल्या विभागाला सर्व्हरचा किती कोटा द्यायचा.

मी पेठ तालुक्यातली. आदिवासी. इंजिनिअरिंगला राखीव जागेतून आले. कधी लपवलं नाही. लपवायचं कशाला? आमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. टेकडी चढून, वर बसून मी लेक्चर ऐकलेत. पण ऑफिसात त्याची किंमत शून्य. माझं काम जमलं तर नशीब, चुकलं तर कोटा. "तुझ्या गावाकडे काय, ढगच ढग," हा विनोद तर रोजचा. मी मूग गिळून बसायचे. नोकरी हवी होती.

त्या दिवशी मात्र शब्द माझ्या अभ्यासातला होता. मी उभी राहिले.

"सर, कोटा म्हणजे कमाल मर्यादा. एकाच विभागाने सगळी मेमरी खाऊ नये, दुसऱ्यालाही मिळावी, म्हणून लावतात. ज्यांना कोटा लावलेला नसतो ना, ते सगळंच गिळतात."

कुणी हसलं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत, त्या सिनेमात पडतात. सर म्हणाले, "बस खाली. जास्त शहाणपणा नको."

नंतर चहाला एक जण जवळ येऊन हळूच म्हणाला, "बरोबर बोललीस गं." हळूच. मघाशी तोही हसला होता.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या सर्व्हरवरचं माझं लॉगिन बंद. विचारायला गेले तर सर मान वर न करता म्हणाले, "सगळ्यांसमोर सॉरी म्हण. लगेच चालू करतो."

सॉरी? कशाबद्दल?

बाबांना फोनवर सांगितलं. बोलायला ते टेकडी चढून आले होते. धाप ऐकू येत होती.

"बाय, मंग म्हनून टाक ना. दोन अक्षरं तर हायेत."

मला त्यांचा राग आला नाही. फॉरेस्टवाल्यासमोर, तलाठ्यासमोर, दवाखान्यातल्या खिडकीसमोर त्यांनी जन्मभर तेच केलं. चूक नसताना हात जोडले. ते आठवून माझ्याच अंगाची आग झाली.

"बाबा, चुकले असते तर म्हटलं असतं."

बाबा म्हणाले, "बरं. नको म्हनू."

मी सरांकडे परत गेले. "सॉरी म्हणणार नाही, सर. लॉगिन का बंद केलं, ते मला मेलवर लिहून द्या."

त्यांनी ते लिहून दिलं नाही. लॉगिनही दिलं नाही.

आता खोलीवर जुन्या लॅपटॉपवर सराव करते. त्यातच छोटासा क्लाऊड उभा केलाय. मेमरी पुरत नाही, मधेच सगळं अडकतं. कधी कधी रडू येतं. डोळे पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते.

परीक्षेला मी बसणार. नापास झाले तर पुन्हा बसणार. ॲडमिन झाले की या इमारतीतल्या प्रत्येक विभागाचा कोटा मी लावणार. निखिल सरांच्या टीमचाही. नियमाप्रमाणे. एक जीबी कमी देणार नाही.

आणि एक जीबी जास्तही नाही.