बिघडलेल्या कॅमेऱ्यातली पोरं

आपण प्रदर्शनाला येणार नाही, असं हिंदुरावांनी सकाळपासून तीनदा सांगितलं. प्रदर्शन त्यांच्याच फोटोंचं होतं, त्यामुळे रावेतच्या त्या घरात कोणी ते मनावर घेतलं नाही.

“गुडघा दुखतोय,” ते म्हणाले.

“काल कुंड्या हलवताना बरा होता,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “इस्त्रीचा शर्ट काढलाय. घाला आणि चला.”

खरं दुखणं चाळीस वर्षांचं होतं आणि ते बायकोलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा ते कासारवाडीत राहायचे. भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की घरी येऊन चहा घ्यायचे आणि कॅमेरा घेऊन रुळांकडच्या गल्ल्यांत शिरायचे. कॅमेरा दिसला की पोरं घरी पळायची. केसांना पाणी, तोंडाला पावडर, आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी. आठ वर्षांच्या चेहऱ्यावर कामगार भरतीची भीती. हिंदुरावांना तो चेहरा नको होता.

त्यांनी मग दोन कॅमेरे बाळगायला सुरुवात केली. एक जुना, बिघडलेला, गळ्यात. त्याचा खटका वाजायचा, पण आत रोल नसायचा. पोरं त्याच्यासमोर श्वास रोखून उभी राहायची. खटका वाजला, काका ‘झालं’ म्हणाले, की कोंडलेलं सगळं एकदम सुटायचं. ढकलाढकली, कोलांट्या, कुणाची चड्डी ओढ, कुणाला वाकुल्या. त्या क्षणी ते कमरेशी धरलेला दुसरा, खरा कॅमेरा दाबायचे.

एकदाच त्यांनी असला एक फोटो त्या पोराच्या आईला नेऊन दिला. “भावजी, शेंबूड तरी पुसायचा,” ती म्हणाली आणि फोटो उलटा करून फडताळात ठेवला. त्यानंतर कुणीही विचारलं की हिंदुरावांचं उत्तर ठरलेलं, “काळा आला रे फोटो.” निगेटिव्ह मात्र त्यांनी बेअरिंगच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. ओल धरू नये म्हणून पार्सलमध्ये येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्याही त्यात टाकल्या. तपासनिसाचा हात तो.

तो डबा मागच्या वर्षी सून वर्षालीला सापडला. ती चाकणला इंजिनिअर. तिने चोवीस फोटो निवडले, कापसाच्या जाड कागदावर दोन-दोन हात मोठे छापून घेतले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक घातला. इथवर ठीक होतं. पण तिने जुन्या कासारवाडीकरांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘ओळखा, यातले तुम्ही कोण?’ आणि पस्तीस जणांनी येतो म्हणून कळवलं.

हिंदुरावांचा गुडघा त्या दिवसापासून दुखत होता.

पिंपरीच्या त्या सभागृहात ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. आत पन्नाशीची माणसं चष्मे वर-खाली करत स्वतःला शोधत होती. एक बाई केबलच्या लाकडी ड्रमाच्या फोटोसमोर उभी होती. गल्लीत आडवा पडलेला तो भला मोठा ड्रम, त्यावरून उडी मारलेली मुलगी, एक बूट पायात, एक हवेत. बाई वळली आणि सरळ त्यांच्याकडे आली.

“काका, मी विजयश्री. आता चऱ्होलीला असते, शाळेत शिकवते. ते बूट शेजारच्या पोरीचे होते. फोटोसाठी मागून आणलेले.”

“आठवतं,” हिंदुराव म्हणाले.

“दिवाळीपर्यंत रोज विचारलं मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, काळा आला.”

आजूबाजूची माणसं थांबली. हिंदुराव उठले. गुडघा मुळीच दुखला नाही. टेबलावर वर्षालीने मांडलेला बिघडलेला कॅमेरा उचलून त्यांनी त्याची पाठ उघडली.

“ह्यात कधी रोल नव्हताच,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे ह्याच्यापुढं उभे राहिलात. खरा कॅमेरा कमरेशी असायचा. मी खोटं बोललो. सगळ्यांशी.”

“म्हणजे मी तीन वर्षं रिकाम्या डब्यापुढं भांग पाडत होतो?” ज्योतीराम म्हणाला. तो आता रिक्षा चालवतो आणि डोक्यावर एक केस नाही. “राव काका, तेवढेच दिवस होते भांगाचे.”

सगळे हसले. विजयश्री हसली नाही. ती पुन्हा फोटोकडे पाहत होती.

“शाळेतल्या, लग्नातल्या सगळ्या फोटोंत मी ताठ उभी आहे,” ती म्हणाली. “उडी मारलेली एवढीच.” मग त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “वाजतो का अजून?”

“वाजतो.”

“मग काढा.”

आजचे फोटो काढायला वर्षालीने दुसऱ्या, खऱ्या कॅमेऱ्यात रोल भरून आणला होता. तिने तो सासऱ्यांच्या हातात गुपचूप सरकवला. पस्तीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पोटं आत, हनुवट्या वर. हिंदुरावांनी बिघडलेला कॅमेरा गळ्यात अडकवून त्याचा खटका वाजवला.

“झालं,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही. आता सगळ्यांना गोम ठाऊक होती. सगळे दुसऱ्या खटक्याची वाट बघत तसेच ताठ. हिंदुरावही थांबले. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी अर्धं मिनिट काय.

“काका, उरका,” ज्योतीराम दातांतून म्हणाला. “पोट धरवत न्हाई आता.”

विजयश्रीला हसू फुटलं. तिच्या धक्क्याने शेजारचा, त्याच्या धक्क्याने त्याचा शेजारचा. रांगच कोसळली, कुणाचा चष्मा उडाला, कुणी ज्योतीरामच्या टकलावर टप्पल मारली. कमरेशी हलकेच खट्‌ झालं.

“कधी मिळेल?” डोळे पुसत विजयश्रीने विचारलं.

“काळा,” हिंदुराव सवयीने म्हणाले आणि थांबले. “रविवारी. चऱ्होलीला स्वतः आणून देतो.”